मृगाआधी घर सावरा: पत्रा, स्लॅब आणि माळवद कमी पैशात उन्हापावसाला तयार करणं

आधी पाणी, मग वारा, मग ऊन. हाताशी पैसे थोडे असतील तर घराच्या डागडुजीचा क्रम हाच ठेवा. बहुतेक घरांत हे उलटं होतं. उकाडा सोसवत नाही म्हणून एप्रिलमध्ये पांढरा रंग मारला जातो. जूनमध्ये पत्रा गळतो. मग त्याच रंगावर पाय देत, तो खरवडत स्क्रू बदलले जातात आणि रंगाचे पैसे पाण्यात जातात.

वेळेचं गणितही आधीच लावा. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं, पण मराठवाड्यात पत्रे उडतात ते बहुतेक एप्रिल-मेच्या वळवात. त्यामुळे गळती आणि स्क्रूंचं काम होळीच्या आसपास, आणि रंग किंवा चुना गुढीपाडव्यापर्यंत उरकलेला बरा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांनी निदान स्क्रूंचं काम आल्याच्या आठवड्यात करून घ्यावं, रंग नंतर.

गळती नेमकी कुठे आहे

पाणी जिथे टपकतं तिथे भोक असतंच असं नाही. भोकातून आत आलेलं पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने किंवा लोखंडी पाइपावरून सरकत जातं आणि तीन-चार फुटांवर टपकतं. म्हणून टपकण्याच्या जागी वरून डांबर थापून काही होत नाही.

भर दुपारी बाराला दार-खिडक्या लावून घरात उभे राहा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. पत्र्यातून सुईएवढे कवडसे दिसू लागतील. प्रत्येक कवडशाच्या बाजूला खडूने गोल करा आणि त्यातून सायकलची जुनी तार वर खुपसून ठेवा. सकाळी वर चढणाऱ्याला तारांची टोकं दिसतात, भोकं शोधत बसावं लागत नाही. ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्याहून जास्त गळती इथेच सापडते.

उरलेली गळती दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यातली. तिथे कवडसा पडत नाही. त्यासाठी एकाने वर तांब्याने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने खालून बघायचं. सुरुवात वळचणीकडून करून वर आढ्याकडे जायचं. आढ्यावरून ओतलं तर पाणी सगळ्या पत्र्यावरून वाहतं आणि कुठला सांधा गळतो ते कळत नाही.

आता भरणं. पत्र्यावर सिमेंट किंवा एपॉक्सीची कडक पुट्टी लावू नका. दहा फुटी लोखंडी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तावापर्यंत सुमारे दीड मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. कडक भरण त्याच्याबरोबर हलत नाही, काही दिवसांतच कडेने सुटतं, आणि सुटलेल्या फटीत पाणी साचून पत्रा आणखी गंजतो. भरण मऊ राहणारं हवं.

खिळ्याचं किंवा स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्याहून एक नंबर जाड स्क्रू रबरी वॉशरसह घाला. रुपयाएवढं गंजलेलं भोक असेल तर तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, फडक्याने पुसा आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेली ब्युटाइल चिकटपट्टी भोकाच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच जाईल अशी लावा. पट्टी चिकटवायची ती पत्रा कोमट असताना, सकाळी नवाच्या सुमारास, आणि पत्र्याच्या नागमोडी नालीत बसेल अशी अंगठ्याने दाबत न्यायची. धूळ राहिली तर ती पहिल्या पावसातच उचलते. तळहातापेक्षा मोठं भोक असेल तर त्याच नालीच्या पत्र्याचा तुकडा घ्या. त्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवा, खाली सिलंट लावा आणि रिव्हेट मारा. तुकडा नुसता वरून ठेवला तर वरून येणारं पाणी त्याच्या खाली शिरतं.

काळं डांबर शक्यतो टाळा. ते ऊन ओढून घेतं, आणि नंतर त्यावर पांढरा रंग मारला तर तपकिरी डाग वर येतात.

पत्र्यावर चढायचं ते सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर, आणि पाय स्क्रूंच्या ओळीवर, म्हणजे खालच्या पाइपावर ठेवायचा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊच नका. तो वरून शाबूत दिसतो आणि पायाखाली फुटतो. दोन पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून त्यावर बसून काम करा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तो कोरडा घासायचा, कापायचा किंवा त्याला भोक पाडायचं नाही, कारण उडालेली धूळ फुप्फुसात जाऊन बसते. शेवाळ काढायचं तर पाणी मारून ओलं ठेवत मऊ झाडूने काढा.

घराला वीज असेल तर ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करा. पत्र्याच्या घरात वायर थेट लोखंडी पाइपाला बांधलेली असते. तिचं आवरण सोललं असेल तर पहिल्या पावसात अख्खं घर शॉक देतं. जमलं तर मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग करून घ्या. कूलर घेण्याआधी हा खर्च करा.

वळीव आणि पत्रे

पत्र्यावर दगड ठेवणं ही मराठवाड्यातली सर्रास दिसणारी युक्ती, आणि ती दोन्हीकडून तोट्याची. दगडाखाली ओल टिकते, तिथे गंज धरतो. आणि वादळ खरंच आलं तर पत्रा उचलला जातो आणि दगड झोपलेल्या माणसावर पडतो. दगडांऐवजी स्क्रू वाढवा.

दहा बाय बाराच्या खोलीचा हिशोब असा. दहा फुटी पत्रा तीन-तीन फुटांवरच्या चार आडव्या पाइपांवर टेकलेला असेल तर वरच्या आणि खालच्या टोकाच्या ओळीत प्रत्येक पत्र्याला पाच-पाच आणि मधल्या दोन ओळींत तीन-तीन, असे सोळा स्क्रू. पाच पत्रे धरले तर ऐंशी लागतात, शंभर आणा. स्क्रू दोन इंची, स्वतः भोक पाडत जाणारे, रबरी वॉशर असलेले घ्यायचे आणि ते नालीच्या उंचवट्यावर मारायचे. खोलगटात मारले तर प्रत्येक स्क्रूभोवती पाणी उभं राहतं. वॉशर किंचित फुगेपर्यंतच आवळा. रबर चेपून बाहेर आलं तर ते दोन उन्हाळ्यांत फाटतं. आवळल्यावर वॉशर बोटाने फिरवून बघा: फिरला तर ढिला आहे, त्याची कड धातूच्या टोपीबाहेर पसरली असेल तर जास्त झालाय.

वादळ आधी टोकाचे पत्रे धरतं, मधले नाही. म्हणून वळचण भिंतीबाहेर फूट-दीड फुटापेक्षा जास्त लोंबती ठेवू नका. जास्त हवी असेल तर तिला खाली खांब द्या. दोन पत्र्यांचा बाजूचा सांधा दीड नालीचा आणि वर-खालचा सहा इंचांचा. पत्रे नव्याने बसवणार असाल तर सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करा, म्हणजे पश्चिमेचा वारा सांध्याच्या तोंडात शिरत नाही.

पण पत्रा पाइपाला घट्ट आणि पाइप भिंतीवर नुसताच ठेवलेला, अशीही घरं खूप आहेत. तिथे वारा पाइपासकट छप्पर उचलतो. प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना १२ मिलिमीटरची सळई वाकवून घाला आणि ती भिंतीत दीड-दोन फूट खाली नेऊन काँक्रीटमध्ये पक्की करा. वेल्डरचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ऊन: पत्रा वेगळा, स्लॅब वेगळा

दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर जातो. खोलीतली हवा तापते ती नंतर. आधी पत्रा स्वतःच डोक्यावर झळ मारतो. म्हणून पत्र्याच्या घरात पंखा असूनही डोकं तापतं. सूर्य मावळला की पत्रा मात्र तासाभरात निवतो. स्लॅबचं उलटं. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात दुपारची सोय आधी बघावी आणि स्लॅबच्या घरात रात्रीची.

नवा चकचकीत पत्रा आरशासारखा ऊन परत फेकतो, म्हणून त्याला रंगाची गरज नाही असं अनेकांना वाटतं. पण चकचकीत धातू शोषलेली थोडी उष्णताही सहज सोडत नाही, ती आतच साठवतो. पांढरा रंग ऊन फेकतोही आणि तापलेला पत्रा निववतोही. गंजका पत्रा ऊन फेकण्यात सगळ्यांत मागे.

पत्र्यावर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे छतासाठीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या. डब्यावर एसआरआय हा आकडा असतो, छत उन्हात किती गार राहील ते तो सांगतो. तो १०० च्या आसपास असलेला निवडा. भिंतीचा साधा डिस्टेंपर पहिल्या पावसात वाहून जातो. ऑइलपेंट पिवळा पडतो. नवा पत्रा कपडे धुण्याच्या पावडरने धुऊन आधी जीआय पत्र्याचा प्रायमर लावा, नाहीतर रंग कागदासारखा सोलतो. जुन्या पत्र्याला गंज असेल तिथेच घासून रेड ऑक्साइड लावा. सगळीकडे लावायचं कारण नाही.

माप काढताना नाल्यांमुळे पत्र्याचं खरं क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकारापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरतं, हे विसरू नका. दहा बाय बाराच्या छताला १३५ चौरस फूट धरा. दोन हातांसाठी एक लिटरमध्ये साधारण २५ ते ३५ चौरस फूट होतात, म्हणजे चार ते पाच लिटर लागतील. दुकानदार पाणी मिसळून वाढवायला सांगतो; डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. पहिला हात नालीच्या दिशेने, दुसरा आडवा, मधे चार-सहा तास. तापलेल्या पत्र्यावर रंग लावता लावताच सुकतो आणि बुडबुडे धरतो, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर काम करा. २० लिटरची बादली लिटरमागे स्वस्त पडते; बचतगटातल्या चार घरांनी मिळून घेतली तर प्रत्येकाला पाच-पाच लिटर येतो.

स्लॅबला मात्र चुन्यासारखं स्वस्त दुसरं काही नाही. २५० चौरस फुटांच्या स्लॅबला तीन हातांसाठी साधारण १० ते १२ किलो कळीचा चुना लागतो आणि किलोला पाच लिटर या हिशेबाने पाणी.

चुना विझवायचा लोखंडी पिंपात. प्लॅस्टिकची पातळ बादली उकळीने वितळते. आधी पाणी भरा आणि मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतलं तर ते तडतडून उडतात. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पोरांना लांब ठेवा, चष्मा घाला, हातांना तेल किंवा मोजे, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची घागर असू द्या. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा. विझलेला चुना दिवसभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि त्यात फेविकॉल डीडीएल हा डिंक किलोभर कोमट पाण्यात कालवून मिसळा. द्रावण दुधाएवढं पातळ हवं. पहिला हात लावल्यावर स्लॅब राखाडी दिसतो, कारण ओला चुना पारदर्शक असतो. पांढरा रंग सुकल्यावर येतो. तो न दिसल्यामुळे लोक घट्ट थर देतात आणि तोच थर पापुद्रा होऊन निघतो.

नीळ घालू नका. भिंतीला ती शोभते, छतावर तिने ऊन परत जाण्याचं प्रमाण कमी होतं.

चुना लावण्याआधी स्लॅब खराट्याने झाडून शिंपडून ओला करा, कोरडा स्लॅब चुन्यातलं पाणी ओढून घेतो. हाताने घासून पांढरी पूड निघाली तर डिंकाचं प्रमाण कमी पडलंय. चुना दरवर्षी लावावा लागतो, कारण पावसाळ्यात तो झिजतो. एप्रिलमध्ये त्यावर धुळीचा थर बसतो तेव्हा ओल्या पोत्याने पुसून घ्या, निम्मी चमक परत येते. पावसाचं पाणी पिंपात साठवत असाल तर चुना मारल्यावरचा पहिला चांगला पाऊस वाहून जाऊ द्या.

एवढ्याने खोली सहसा दोन ते पाच अंशांनी निवते. ४३ अंशांच्या दिवशी ते थोडं वाटेल, पण झळ कमी झाल्याचं अंगाला आकड्यापेक्षा जास्त जाणवतं.

स्लॅबला भेग असेल तर चुन्याआधी ती भरा. छिन्नीने भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी पाव-अर्धा इंच उघडा, धूळ फुंकून काढा, ओली करा आणि लॅटेक्स मिसळलेला मसाला भरून सात दिवस ओलं पोतं ठेवा. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात गवंड्याकडून गोला, म्हणजे मसाल्याची गोलसर भर, मारून घ्या. अर्धी गळती त्या काटकोनातून येते. गवंडी तपासणीसाठी अख्ख्या स्लॅबवर पाणी उभं करायला सांगतात. २५० फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे सहाशे लिटर. टँकरच्या गावात ते परवडत नाही. भेगेभोवती चिखलाचं आळं करून त्यात दोन बादल्या ओता आणि दुसऱ्या दिवशी खालून बघा, तेवढ्याने कळतं.

छताखालचा थर

रंगाचं बजेट नसेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर आतून काम करा. पत्र्याखाली चार ते सहा इंच हवेची पोकळी सोडून दुसरा थर दिला की झळ डोक्यापर्यंत येत नाही. बांबूचे तट्टे सर्वांत चांगले. भिंतीपासून भिंतीपर्यंत दीड-दीड फुटावर १२ गेजची तार ताणून त्यावर ते टेकवा. खालच्या बाजूने शेणमातीचा पातळ हात दिला तर ठिणगीला लगेच पेटत नाहीत आणि वाळवीही लवकर दिसते. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा थरही चालतो, पण त्याला कीड फार. दोन पदरी जुन्या लुगड्यांचं छत सर्वांत स्वस्त. ते चुलीपासून निदान सहा फूट दूर हवं. चुलीच्या वर कुठलंही कापड, तट्टा किंवा थर्माकोल लावू नका.

पोकळी बंद ठेवली तर ती भट्टी होते. खाली वळचणीशी आणि वर आढ्याजवळ हातभर लांबीची फट सोडा आणि तिला उंदीर-साप येऊ नये म्हणून बारीक जाळी मारा. गरम हवा वरच्या फटीतून निघते, खालून नवी येते.

बाजारात चंदेरी बबल शीट मिळते. ती पत्र्याला चिकटवून लावली तर पैसे फुकट. तिचा चकचकीत भाग निदान इंचभर मोकळ्या हवेकडे असेल तरच ती काम करते.

पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाकण्याने गारवा येतो हे खरं, पण ते वाऱ्याने उडतं, ठिणगीने पेटतं आणि पावसात कुजून पत्रा खातं. टाकलंच तर मे संपताच काढा. हिरवी शेडनेट त्याहून बरी: छतापासून फूट-दीड फूट वर ताणायची, सगळीकडून दोरीने आवळायची आणि ढग भरून आले की एका बाजूने सोडता येईल अशी गाठ मारायची.

पश्चिमेची भिंत विसरू नका, दुपारनंतर तीच तापते. तिच्यापासून हातभर अंतरावर तुराट्यांचा कूड उभा करा किंवा दोडका, वाल असा वेल भांडी धुतलेल्या पाण्यावर चढवा. शेवगा दोन वर्षांत सावली देतो. भिंतीपासून दहा-बारा फुटांवर लावा.

खिडक्या सकाळी दहाला लावायच्या आणि सूर्य कलल्यावर उघडायच्या. दारे-खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी किंवा रबरी पट्टीने बुजवा, धूळ आणि हिवाळ्यातला गारठाही थांबतो. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा छताखालचा थर तिथेही उपयोगी पडतो. पण चूल किंवा शेगडी पेटते ती खोली कधीही पूर्ण बंद करू नका. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जीवघेणं आहे, त्यातल्या विषारी वायूचा वासही येत नाही.

काळ्या मातीवरची भिंत

काळ्या रानावरच्या घराची भिंत उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात मिटते. अशा भेगेत सिमेंट भरलं तर पावसात माती फुगते, भेग मिटायला बघते, सिमेंट तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. ती मऊ सिलंटने किंवा चुना-मातीने भरा. खरं औषध पायाशी आहे. घराभोवती तीन फूट रुंद पट्टीतली काळी माती फूटभर काढा, मुरूम भरून धुमसा, आणि वर फरशी किंवा कोबा बाहेरच्या बाजूला उताराने करा. वळचणीचं पाणी पायाशी पडू न देता गटारात न्या.

माळवद

जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट धाब्याची घरं उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा आणि स्लॅबपेक्षाही गार असतात. ती पाडून पत्रा टाकणारे पुढच्याच मे महिन्यात हळहळतात. पण दरवर्षी पावसाआधी पांढरी माती टाकताना जुनी काढली जात नाही आणि थर वाढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे बरोबर एक ब्रास, कोरडी असतानाच चार-साडेचार टन. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि या ओझ्याच्या माळवदांखाली माणसं गाडली गेली.

म्हणून नियम असा: जेवढी नवी टाकाल तेवढी जुनी आधी उतरवा. वरची चार इंच माती काढा, पन्हाळाकडे उतार देत सारखी करा, त्यावर जाड प्लॅस्टिक ताडपत्री एकसंध अंथरा, कडा कठड्यावर चढवा आणि वर चाळलेली पांढरी तीन-चार इंच पसरून चोपणीने चोपा. ताडपत्रीला जोड असेल तर वरच्या बाजूचा तुकडा खालच्यावर फूटभर चढलेला हवा. वर उगवलेलं गवत मुळासकट उपटा. किलचनाला, म्हणजे माती पेलणाऱ्या लाकडी पाट्यांना, आतून टोचणी लावून बघा. ती सहज आत गेली तर लाकूड खाल्लेलं आहे, आधी ते बदला, मातीचं नंतर.

पैसे कुठून

अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या घराची अशीच डागडुजी सरकारी खर्चाने करून देणारी योजना १९७६पासून आहे. आपल्याकडे पैसा मिळतो तो नवं घर बांधायला किंवा पडलेल्या घराला. असलेलं घर नीट करायला तो सहजी मिळत नाही. त्यामुळे दोन-तीन दारं ठोठावावी लागतात.

पहिलं दार घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, शौचालयाचे १२ हजार वेगळे, घर किमान २५ चौरस मीटरचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, ओबीसींसाठी मोदी आवास (ही २०२३-२४ पासून तीन वर्षांसाठी आखलेली). प्रकरण अडतं ते बहुतेक कागदांवर: नमुना ८, म्हणजे घराचा उतारा, अजून आजोबांच्या नावावर, आधार बँकेला न जोडलेलं, जागा गावठाणाबाहेरची. हे यादीत नाव येण्याआधीच नीट करा, कारण मंजुरीनंतर वेळ पुरत नाही.

घरकुल मिळालंच तर गवंड्याला बांधकामाआधी पाच गोष्टी सांगा: छत दहा फूट उंच, पश्चिमेला शक्यतो खिडकी नको, समोरासमोर दोन खिडक्या, दीड-दोन फुटांचा छज्जा, आणि स्लॅबला पन्हाळाकडे दहा फुटांत सव्वा इंच ढाळ. हे नंतर करायचं तर दुप्पट खर्च.

दुसरं दार नुकसानभरपाईचं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००, झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,००० रुपये, आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार होते. पंचनामा होण्याआधी पत्रे उचलून जागेवर लावले की पडझड दिसत नाही आणि टक्के भरत नाहीत. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, त्यात घर आणि शेजारची ओळखू येणारी खूण दोन्ही येऊ द्या. त्याच दिवशी तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ताडपत्री टाकून घर झाकलं तर चालतं, फक्त आधी फोटो.

तिसरं दार ग्रामपंचायतीचं, आणि ते फार कमी लोक ठोठावतात. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. दिव्यांग माणसाच्या घराच्या छताला पांढरा रंग किंवा अंगणवाडीच्या पत्र्याखाली तट्टे, अशी मागणी ग्रामसभेत लेखी द्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मागणीला मोजमाप जोडा: छत किती फूट, रंग किती लिटर, स्क्रू किती. नुसतं “घराला मदत करा” असं लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. “१३५ चौरस फूट, ५ लिटर रंग, १०० स्क्रू” असं लिहिलेल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला अंदाजपत्रक करता येतं.